एल्डरबेरी : कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची?

आजचा भाग मिनेसोटा, विस्कॉन्सिन, कॅनडा अशा कडाक्याच्या थंडीत परसबाग करणाऱ्यांसाठी. विषय आहे अमेरिकन एल्डरबेरी.

आधी लागवड. जात निवडताना 'ॲडम्स', 'यॉर्क' किंवा कॅनडातली 'नोव्हा' बघा. दोन वेगळ्या जाती जवळ लावल्या की फळ चांगलं धरतं. दोन झुडपांत ६ ते ८ फूट अंतर ठेवा. मुळं वरवर पसरतात, त्यामुळे बुंध्याशी कुदळ नको. पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, तण हाताने उपटा.

पहिली दोन वर्षं छाटणी नाहीच. फक्त मेलेलं, मोडलेलं काढायचं. तिसऱ्या वर्षापासून मार्चच्या सुमारास, कळ्या फुगायच्या आधी, कात्री घ्यायची. नाशिकला द्राक्षाची वर्षातून दोनदा छाटणी होते. इथे एकदाच पुरते.

नियम सोपा आहे. तीन वर्षांहून जुनी, करड्या खरखरीत सालीची खोडं जमिनीलगत कापा. मग एक, दोन आणि तीन वर्षांची प्रत्येकी दोन-तीन जोमदार खोडं ठेवा. एकूण सहा ते नऊ.

आता खरा प्रश्न. मिसुरीतले काही शेतकरी दर हिवाळ्यात झुडूप सपाट कापतात. वेळ वाचतो, आणि नव्या फुटव्यांवरही फळ येतं. मग आपण का नाही? कारण त्या फुटव्यांचं फळ उशिरा पिकतं. मिसुरीत हंगाम लांब, म्हणून चालतं. आपल्याकडे सप्टेंबरातच दव गोठलं तर घोस हिरवेच राहतात. दुसऱ्या वर्षाची खोडं आधी फुलतात, म्हणजे ती आपला विमाच समजा. आणि युरोपियन एल्डर असेल तर सपाट कापूच नका, त्या वर्षीचं फळ गेलंच.

शेवटी एक महत्त्वाचं. पानं, देठ, कच्ची फळं यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात न शिजवलेला रस पिऊन ११ जण आजारी पडले होते. तिथे फळांबरोबर पानं-फांद्याही चिरडल्या होत्या. तेव्हा पूर्ण पिकलेली, जांभळी-काळी फळंच घ्या, देठ काढा आणि नीट शिजवा. मुलांना झुडपावरून तोडून खाऊ देऊ नका.

तर या मार्चमध्ये कात्री लावण्याआधी खोडांची वयं मोजा. भेटू पुढच्या भागात!