मास्क काचतो, म्हणून फेकू नका

(पिरियापट्टण, जि. म्हैसूर येथे झालेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



पिरियापट्टणला रेल्वे नाही. म्हैसूरला उतरून आपण बसने आलो. हुणसूर मागे पडल्यावर तंबाखू सुकवायच्या भट्ट्या दिसू लागल्या. हा सारा मुलूख सिगारेटच्या तंबाखूचा. काल एका ओसरीवर बायका सुकलेली पानं निवडत होत्या, प्रत्येकीच्या नाकातोंडाला पदर बांधलेला. आपल्या हुबळीच्या सोबत्याने कन्नडमध्ये विचारलं, त्रास होतो का? एक बाई म्हणाली, पदर बांधला तर गुदमरतं, सोडला तर शिंका थांबत नाहीत. हे तर आपलंच गाऱ्हाणं! म्हणून महागाई भत्त्याचं उद्या बोलू, आज मास्कबद्दल बोलतो.

मी मॅट्रिक शिकलेला, मालधक्क्यावरचा बाबू. डॉक्टर नव्हे. सांगतो ते अंगावर काढलेलं आणि दवाखान्यात विचारून घेतलेलं आहे.

मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या, मालगाड्या थांबल्या नाहीत. पोस्टमन बांधवांनी घरोघर औषधं आणि बँकेतले पैसे पोचवले. मुंबईत ८ एप्रिल २०२० पासून मास्क सक्तीचा झाला, महाराष्ट्रातली सक्ती २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला उठली. लोकांनी मास्क काढून ठेवले. पण सिमेंटचा रेक लागतो तिथे, वर्कशॉपात घासकाम चालतं तिथे, आरएमएसमध्ये थैल्या झटकतात तिथे तो रोजचाच राहिला.

त्याचा त्रास खरा आहे. कानामागे दोरी कापते, नाकाच्या हाडावर व्रण पडतो, गालावर पुरळ उठतं, चष्म्यावर वाफ धरते, दुपारी डोकं ठणकतं. सिमेंटवर काम करणाऱ्यांचं तर विचारूच नका. मास्कच्या आत धूळ शिरते, वर घाम येतो. ओलं सिमेंट कातडीला भाजतं हे गवंड्याला विचारा. माझ्या हनुवटीवर दोन महिने चट्टा होता. मी दाढी वाढवली, तर मास्क चेहऱ्याला बसेना आणि धूळ जास्तच आत जाऊ लागली. शहाणपण असं उशिरा येतं.

उपाय साधे आहेत. जेवायच्या सुट्टीत मास्क काढून चेहरा भरपूर पाण्याने धुवा, पुसून कोरडा करा, मगच पुन्हा लावा. कामावर निघण्याआधी अर्धा तास नाकावर आणि कानामागे व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा. थापलंत तर मास्क घसरतो. कानाची दोरी काचत असेल तर डोक्यामागून पट्टा जाणारा मास्क मागा. तो बसतोही चांगला. वरची पत्ती नाकावर नीट दाबली की चष्म्यावरची वाफ निम्मी कमी होते, कारण ती वाफ म्हणजे फटीतून निसटलेला श्वास. कापडी मास्क रोज साबणाने धुवा. एन-९५ मात्र धुऊ नका. त्याच्या आतल्या थरात विजेचा भार असतो, त्यानेच बारीक कण अडकतात. धुतला की तो भार जातो आणि हातात नुसतं फडकं उरतं.

डोकेदुखीचं एक कारण आपणच आहोत. मास्क काढायचा कंटाळा म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. प्राणवायू कमी पडतो अशी भीती पुष्कळांना वाटते. धडधाकट माणसाचा प्राणवायू मास्कने कमी होत नाही. गुदमरल्यासारखं वाटतं ते आतल्या उष्णतेने, दमटपणाने आणि श्वास ओढायला जोर लागतो म्हणून. पण ज्याला दमा किंवा हृदयविकार आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घट्ट मास्क लावून ओझी उचलू नयेत. व्हॉल्व्हचा मास्क धुळीत बरा वाटतो, साथीत मात्र उपयोगाचा नाही. आपला श्वास त्यातून न गाळता बाहेर जातो. केंद्राच्या आरोग्य खात्याने जुलै २०२० मध्येच राज्यांना तसं कळवलं होतं.

आता दुसरी बाजू. एका ठिकाणी, नाव घेत नाही, आपल्या एका माणसाला खोकल्याने धरलं. चौकशीत साहेबांनी लिहिलं, ‘कामगाराने मास्क गळ्यात अडकवला होता.’ तो मास्क किती दिवसांचा होता हे कोणी लिहिलं नाही. मी विचारलं. बावीस दिवसांचा! मास्क फेकला की दोष आपल्या माथी येतो, म्हणून फेकू नका म्हणतो. पण मास्क दिला म्हणजे साहेबांचं काम संपलं, हेही मान्य करू नका. आधी फाटकी पोती बंद व्हावीत, छाटणीच्या खोलीत हवा बाहेर ओढणारे पंखे लागावेत, झाडूऐवजी ओलं पुसणं किंवा धूळ ओढणारं यंत्र यावं. एवढं करूनही धूळ उरली, तर तिच्यासाठी मास्क. तोही खोक्यावर आयएस ९४७३ छापलेला, दोन-तीन मापांत. आपली तोंडं काय एका साच्यातली आहेत?

मागणीपत्रात चार गोष्टी घातल्या आहेत. मापाचा मास्क, भिजला किंवा मळला की लगेच दुसरा, दर दोन तासांनी धुळीबाहेर दहा मिनिटं, आणि मालधक्क्यावर चेहरा धुवायला नळ. दहा मिनिटांवर साहेब अडतील. पोस्टातल्या भगिनींनी थैल्यांच्या धुळीचं पाचवं कलम सुचवलं आहे, ते खाली हाताने लिहिलंय. कागद जेवणानंतर फिरेल. लोंढा आणि बेळगावच्या सह्या अजून व्हायच्या आहेत.