डबा गारच खायचा आहे
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘झटपट होणारे डब्याचे पदार्थ’ असा. मी त्यात पदरचे तीन शब्द घातले : ‘गारच खायचे असलेले’. डबा करणारीच्या डोळ्यांपुढे कढईतली वाफ असते. डबा खाणाराच्या पुढे दुपारी एक वाजता निवालेले अन्न असते. मधल्या पाच-सहा तासांत त्या अन्नाचे काय होते, याचा विचार सहसा कोणी करत नाही. आज आपण तेवढाच करू.

कोणी म्हणेल, हल्ली ऑफिसात मायक्रोवेव्ह असतो, मग एवढी चिंता कशाला? असतो खरा. पण जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आणि त्या यंत्रापुढे पंधरा जणांची रांग! शिवाय शाळेतल्या पोरांना कुठला मायक्रोवेव्ह? बसमधल्या कंडक्टरबाई, इस्पितळातल्या परिचारिका, अंगणवाडीच्या सेविका, दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुली, यांच्यापैकी पुष्कळजणींना डबा उघडायचा आणि असेल तसा खायचा, एवढेच ठाऊक. डबा बेचव लागला की मूल तो अर्धा परत आणते, आणि मोठा माणूस तो तसाच झाकून खाली वडापाव खायला जातो. बाईमाणूस बहुधा यातले काहीच करत नाही. ती चार घास कसेबसे ढकलते आणि संध्याकाळच्या गाडीत डोके धरून बसते. घरातल्या सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर कढईला जे चिकटून उरते, तो तिचा डबा! माझे आजचे बोलणे मुख्यतः त्या डब्यासाठी आहे.

गार झालेला स्वयंपाक निराळा आणि गार खाण्यासाठी केलेला स्वयंपाक निराळा. आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्के ठाऊक होते. त्यांचा त्यासाठी शब्दच वेगळा होता : शिदोरी. शेतावर जाणाराच्या नाहीतर पंढरीला पायी निघालेल्याच्या फडक्यात कोणी वरणभात बांधून दिला नाही. भाकरी, कोरडा झुणका, ठेचा, दशमी, धपाटे, तिळाची किंवा जवसाची चटणी, असलेच काही त्या फडक्यातून निघे. आपल्या गोपाळकाल्याचेच पाहा ना! पोहे, दही, लोणचे, सारे गारच, आणि त्यावर सगळी आळी तुटून पडते.

आता शिदोरीचे हे पदार्थ गार चांगले का लागतात, ते पाहू. भात गरम असताना मऊ असतो, कारण तांदळातला स्टार्च पाणी पिऊन फुगलेला असतो. भात निवू लागला की तोच स्टार्च पुन्हा घट्ट बांधला जातो आणि शिते कडक होतात. गंमत अशी, की हे कडक होणे फ्रिजच्या थंडाव्यात सर्वांत लवकर होते. म्हणून रात्रीचा फ्रिजमधला भात सकाळी नुसता डब्यात भरला की दुपारी खड्यांसारखा लागतो. पोळीचेही तसेच. कणकेत पाण्याऐवजी दूध किंवा दही आणि थोडे सढळ हाताने तेल घातले, की हा कडकपणा पुष्कळ कमी होतो. दशमी आणि गुजरातेतला थेपला यांचे गुपित एवढेच आहे.

दुसरी गोष्ट स्निग्धाची. तूप गरम भातावर सोन्यासारखे. पण वातानुकूलित खोलीत ते पराठ्यावर पांढरे थिजते आणि टाळूला चिकटते. वनस्पती तुपाचे तर विचारूच नका. पराठा खरा तुपातलाच, हे मलाही कळते, आणि पुढचे वाक्य बोलणे जरा जिवावर येते; पण डब्याचा पराठा तेलावरच भाजावा. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल असेल तर उत्तम.

तिसरी गोष्ट वासाची. चवीचा फार मोठा कारभार नाकाकडे असतो, आणि गार अन्नाचा वास वर येत नाही. त्यामुळे सकाळी चाखून ‘अगदी बेताचे’ वाटलेले दुपारी मिळमिळीत लागते. यावर मीठ-तिखट वाढवणे हा उपाय नव्हे. आंबटपणा वाढवावा : लिंबू, चिंच, आमसूल, आमचूर. हिंग, भाजलेले जिरे, ओवा, कढीपत्ता यांचा हात थोडा सैल सोडावा. म्हणजे पदार्थ गार असला तरी तोंडात जागा होतो.

आता थोडे भीतीचे बोलते, कारण ते टाळून चालणार नाही. शिजवलेले अन्न पाच ते साठ अंश सेल्सिअस या उष्णतेत दोन तासांहून अधिक ठेवू नये, असा जाणकारांचा दंडक आहे; कडक उन्हाळ्यात तर एकच तास. तो अक्षरशः पाळायचा म्हटला तर आपल्याकडे डबा नेणेच बंद करावे लागेल. तेव्हा निदान डब्याचे दोन वर्ग करावेत. नऊ-साडेनऊला घरून डबेवाल्याच्या हाती गेलेला डबा साडेबाराला टेबलावर असतो, म्हणजे तीन तास. (मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास ही पद्धत सुरू केली, तेव्हा मायक्रोवेव्हच काय, विजेचा दिवाही घरोघरी नव्हता!) पण सकाळी सहाला करून सहा पन्नासच्या लोकलने स्वतःबरोबर नेलेला डबा सात तासांचा. दोन्हींत एकच पदार्थ घालणे शहाणपणाचे नाही. लांबच्या डब्यात पाणी कमी असलेले, कोरडे, आंबट असलेले तेच द्यावे. ओले खोबरे, दुधाची किंवा काजूची ग्रेव्ही, पनीर, उकडलेली अंडी ही जवळच्या डब्यासाठी ठेवावीत, आणि वैशाखात तिथूनही वगळावीत. दह्याचे काही न्यायचेच असेल तर पाण्याची छोटी बाटली रात्री फ्रीझरमध्ये गोठवून डब्याच्या पिशवीत ठेवावी. दुपारी ती वितळते आणि प्यायलाही होते.

भाताबद्दल विशेष सांगते. तांदळात एका जातीच्या जिवाणूंची बीजे असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ती रुजतात आणि विष करतात. सकाळी त्याला फोडणी दिली तरी ते विष नाहीसे होत नाही. फोडणीचा भात करायचा असेल, तर उरलेला भात रात्री जेवणे आटोपताच फ्रिजमध्ये गेला पाहिजे. ‘आम्ही जन्मभर बाहेरच ठेवला’ असे म्हणणाऱ्या काकू इथे असतील. त्यांच्या प्रकृतीला माझा नमस्कार, पण नातवंडांच्या डब्यात तो भात देऊ नये.

आता प्रत्यक्ष पदार्थ. दशमी हा प्रकार आपण उगाच विसरलो आहोत. दोन वाट्या कणीक, चिमूटभर मीठ, दोन चमचे तेल, आणि मावेल तेवढे दूध, साधारण पाऊण वाटी. पाणी मुळीच नाही. पंधरा मिनिटे झाकून ठेवून पोळीपेक्षा जरा जाड लाटावी आणि तेल सोडून भाजावी. ज्वारीची करायची तर दूध कोमट घ्यावे आणि हलक्या हाताने थापावी. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत कडक होते; दशमी होत नाही. तिच्याबरोबर दाण्याची चटणी, थोडे दही घालून नव्हे, तेल घालून कालवलेली. मुलांना दुधात गूळ विरघळवून गोड दशमी करून द्या; सुटीच्या घंटेपर्यंतसुद्धा ती डब्यात टिकणार नाही!

थेपल्याला दोन वाट्या कणकेत अर्धी वाटी बेसन, वाटीभर चिरलेली मेथी, पाव वाटी दही, दोन मोठे चमचे तेल, हळद, तिखट, तीळ, ओवा. पातळ लाटावा, हे मुख्य. पीठ रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवले तर मेथीला पाणी सुटून ते सैल होते, म्हणून मेथी निवडून-चिरून ठेवावी आणि पीठ सकाळीच भिजवावे.

माटुंग्याला राहिलेल्या बायकांना तमिळ शेजारणींचा चिंचभात सांगायला नको. त्यातली युक्ती अशी, की खरे काम रविवारी उरकते. चिंचेचा दाट कोळ तिळाच्या तेलात मोहरी, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, सुकी मिरची, हिंग आणि मेथीदाणे यांच्या फोडणीत घालून, मीठ, हळद आणि गुळाचा खडा टाकून तेल सुटेपर्यंत आटवायचा. हा गोळा बाटलीत भरून फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहतो. सकाळी मोकळा भात परातीत पसरून त्यावर चमचाभर तेल सोडायचे, वाफ गेली की दोन चमचे गोळा कालवायचा. दहा मिनिटांत डबा तयार, आणि करताक्षणी लागतो त्यापेक्षा दुपारी मुरल्यावर अधिक चांगला लागतो. इडल्याही तशाच न्याव्यात : चटणीची डबी नको, सांबार तर नकोच. डाळ-मिरचीची कोरडी चटणी तिळाच्या तेलात कालवून इडलीला दोन्ही बाजूंनी माखायची. आगगाडीच्या लांबच्या प्रवासातली ही त्यांची शिदोरीच आहे.

दहीभात मात्र जवळच्या डब्याचा. वाटीभर तांदळाला तीन वाट्या पाणी घालून भात गुरगुट शिजवावा, गरम असतानाच घोटावा, वाटीभर दूध घालावे आणि कोमट झाल्यावर दोनच चमचे दही. दही जास्त घातले तर एक वाजेपर्यंत तो तोंड वाकडे करायला लावतो. वर आले, कढीपत्ता, उडदाच्या डाळीची फोडणी.

भाज्यांत कारले गूळ-आमसूल घालून, भेंडी आमसूल घालून कोरडी, तोंडली, गवार, बटाट्याची उकडून केलेली भाजी, मोड आलेल्या मटकीची पाणी आटवलेली उसळ, या सगळ्या गार चांगल्या. कोबी आणि फ्लॉवर बंद डब्यात कोंडले की त्यांचा वास येतो, आणि तो शेजारच्या टेबलालाही येतो! पिठले गार झाले की त्याची वडी होते. तेव्हा झुणकाच करावा, तेल जरा सढळ घालून, वाफेवर कोरडा. कोशिंबिरीला मीठ आधी लावू नये, पाणी सुटते; मीठ आणि दाण्याचे कूट कागदाच्या पुडीत वेगळे द्यावे.

आणि घाई कितीही असली तरी वाफेवर झाकण लावू नका. ती वाफ झाकणाला लागून पाण्याचे थेंब पोळीवर पडतात. पोळी चिकट होते ती त्यामुळे, आणि आंबायलाही तेच कारण होते. पोळ्या जाळीवर, भाजी ताटलीत पसरून पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटे. तेवढ्यात तुमची वेणी होते. या दहा मिनिटांचे काम घरातल्या पुरुषांनाही येते. झाकण लावायला काही पदवी लागत नाही. आमच्याकडे ते खाते आता यजमानांकडे आहे, आणि बरे चालले आहे.

बराच वेळ घेतला. आता साडेबारा वाजले आहेत. बाहेरच्या टेबलावर सकाळी सातला भरलेले पाच डबे आहेत : चिंचभात, थेपले, झुणका आणि दशम्यांचे दोन. त्या दोहोंपैकी एक दुधात भिजवलेली आहे आणि एक पाण्यात, पण चिठ्ठी कशावरही लावलेली नाही. गरम करायची सोय मी मुद्दामच ठेवलेली नाही. चाखून पाहा आणि कोणती कोणती ते चिटणीसबाईंना सांगा. चटणी संपवू नका, मागच्या रांगेतल्यांनाही पुरली पाहिजे.