बाटलीवरचा नंबर

आपण जिथं बसलोय ते चामराजपेट 1892 साली वसलं. सहा वर्षांत बंगळूरला प्लेग आला. त्यावरची लस तोवर मुंबईत तयार झाली होती. 10 जानेवारी 1897 रोजी डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती.

1902 मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी एका दिवसात 107 जणांना ही लस दिली. त्यातले 19 जण धनुर्वातानं दगावले. ठपका हाफकिनांवर आला, पद गेलं. पण ते एकोणीसही जण एकाच बाटलीतले होते, क्रमांक 53-एन. बाकी बाटल्यांनी कुणालाच काही झालं नाही. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, हे चौकशीत पुढं आलं. 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले.

फौजेत दारूगोळ्याच्या पेटीवर लॉट नंबर असतो. एक लॉट बिघडला तर तोच बाजूला काढतात, अख्खं कोठार फेकून देत नाहीत. लसीचंही तसंच, मग ती माणसाची असो की गुराची. आपल्या हेब्बाळला 1925 साली बुळकांडीविरुद्ध सीरम संस्था निघाली. 2011 मध्ये बुळकांडी जगातून हद्दपार झाली. माणसं आणि जनावरं, दोघांच्याही जैविक औषधांची मानकं पाहणारी आयएबीएस ही आंतरराष्ट्रीय शास्त्रीय संघटना 1955 पासून काम करतेय.

आपलं काम सोपं आहे. नातवाला टोचा, नाहीतर घरच्या कुत्र्याला. कार्डावर बॅच नंबर लिहून घ्या. काही बिनसलंच, तर अफवेच्या आधी तो नंबर डॉक्टरांपर्यंत पोचायला हवा.

जय हिंद!