शब्दशोधाची निगराणी



ग्रंथालयाचे मोठेपण कपाटांच्या संख्येवरून ठरत नाही. मागितलेले पुस्तक वाचकाच्या हाती किती वेळात पडते, यावरून ते ठरते. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील चौथे वाचकाचा वेळ वाचविण्याचेच आहे. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, ती याच जाणिवेतून. जे आहे ते सापडले पाहिजे. सापडत नसेल, तर ते असूनही नसल्यासारखेच.

ग्रंथसूची पुस्तकाचा पत्ता सांगते. त्याच्या पोटातला प्रत्येक शब्द ती सांगत नाही. आज बँका, सहकारी संस्था, कारखाने आणि सरकारी कचेऱ्या यांचे दप्तर संगणकात साठविले जाते, आणि तेथे मागणी असते ती नेमकी पोटातल्या शब्दाची. दप्तरातील कोणत्याही शब्दावरून कागद शोधून देणारी ही सोय म्हणजे पूर्णपाठ-शोध.

तिचे तत्त्व मात्र जुनेच आहे. इ. स. १२३०च्या सुमारास पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट शेर या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली बायबलमधील शब्दांची स्थलसूची तयार झाली. संगणकही तेच करतो. प्रश्न आल्यावर तो सारे कागद वाचीत बसत नाही. ते आधीच वाचून प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या कागदात, कितव्या जागी आला आहे, याची उलट सूची तो लिहून ठेवतो. पुढे क्रम लावण्याचा प्रश्न येतो. जो शब्द थोड्याच कागदांत आढळतो त्याचे वजन अधिक धरावे, हा विचार कॅरन स्पार्क जोन्स या विदुषीने १९७२ साली मांडला. १९९९ साली डग कटिंग यांनी लिहिलेले ‘ल्युसीन’ आणि त्याच्या पायावर उभी राहिलेली ‘सोलर’ व ‘इलास्टिकसर्च’ ही साधने आज असंख्य संस्थांत याच रीतीने चालतात.

साधन उभारणे हे काही दिवसांचे काम आहे. त्याला मराठी शिकविणे हे दीर्घकाळाचे. श्रोत्यांच्या ओळखीचाच शब्द घ्यावा. ‘नंदगड’ हे नाव कागदात क्वचितच एकटे येते. ते ‘नंदगडला’, ‘नंदगडचा’, ‘नंदगडातील’, ‘नंदगडकर’ अशा वेशांत येते. माणसाला हे एकच गाव दिसते. यंत्राला चार निराळे शब्द दिसतात. म्हणून प्रत्यय छाटून मूळ शब्द सूचीत घालावा लागतो, आणि विचारलेल्या शब्दावरही तीच छाटणी करावी लागते. हिंदीसाठी तयार नियम मिळतात. परंतु हिंदीत ‘गाँव को’ हे दोन शब्द सुटे राहतात, मराठीत ‘गावाला’ हा एकजीव होतो. परक्या नियमांनी ही गाठ सुटत नाही.

घरचे नियमही आंधळेपणाने लावले तर घात होतो. ‘ला’, ‘ने’ आणि ‘त’ हे प्रत्यय दिसतील तेथे छाटावे, अशी आज्ञा दिली की ‘माला’, ‘माने’ आणि ‘मात’ हे तिन्ही शब्द ‘मा’ होऊन एका रांगेत बसतात. खानापूर तालुक्याच्या शेतांत पिकणारे ‘भात’ही ‘भा’ होऊन जाते. शिवाय ‘माणूस’चे ‘माणसाने’, ‘पाणी’चे ‘पाण्यात’, ‘फूल’चे ‘फुलाला’ असे मूळ रूपच बदलते. भारतीय भाषांतील शोधाची कसोटी घेणारा ‘फायर’ हा उपक्रम २००८ साली सुरू झाला. त्यातील मराठी वृत्तपत्रीय मजकुरावर डोलामिक आणि साव्हॉय या संशोधकांनी प्रयोग केले व ते २०१० साली प्रसिद्ध केले. मराठीत छाटणीने शोध लक्षणीय सुधारतो, हे त्यांतून दिसले. पण कोणता शब्द छाटू नये, याची अपवादसूची भाषा जाणणाऱ्यानेच करावयाची असते.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना निरोप दिला. त्यापूर्वीच्या कागदांत ‘गांव’ आणि ‘नांव’ आहे, नंतरच्यांत ‘गाव’ आणि ‘नाव’. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. २०१४ साली ‘बेळगाव’चे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले. संगोळ्ळी रायण्णा यांना २६ जानेवारी १८३१ रोजी नंदगड येथे फाशी देण्यात आले. त्यांचे नाव कोणी ‘रायण्णा’ लिहितो, कोणी ‘रायन्ना’. ही सारी रूपे समानार्थी कोष्टकात एकमेकांशी जोडून दिली नाहीत, तर आजच्या शब्दाने कालचा कागद हाती येत नाही.

काही भेद तर डोळ्यांना दिसतच नाहीत. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा रकार संगणकात दोन प्रकारांनी साठविता येतो. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते भिन्न. युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात. कागदाचे नुसते छायाचित्र असेल, तर अक्षर-ओळख होईपर्यंत त्यात एकही शब्द नसतो. मोडी दप्तराचे लिप्यंतर झाल्याखेरीज देवनागरी शब्दाने ते सापडणार नाही. हे संस्कार सूचीच्या आधी व्हावे लागतात.

यापुढे निगराणी. नवा कागद आला की सूचीत नोंद हवी, रद्द झालेला कागद सूचीतून निघावयास हवा. गोपनीय कागद अनधिकृत माणसाच्या शोधात डोकावता कामा नये. छाटणीचा नियम बदलला की जुन्या नोंदी जुन्या नियमाच्या राहतात आणि प्रश्न नव्या नियमाने येतो. म्हणून सारी सूची पुन्हा रचावी लागते. शहाणी संस्था जुनी सूची चालू ठेवून शेजारी नवी रचते, ठरावीक पन्नास प्रश्नांवर दोहोंची परीक्षा घेते, आणि मगच पाटी बदलते. मूळ कागद मात्र स्वतंत्र जपते; सूची नष्ट झाली तर पुन्हा करता येते, कागद करता येत नाही.

या निगराणीतील सर्वांत मोलाची वही म्हणजे उत्तर न मिळालेल्या प्रश्नांची. समजा, एखाद्या वारसाने आजोबांच्या नावाने जमिनीचा कागद मागितला आणि पडद्यावर ‘नोंद नाही’ असे उमटले. त्याचा खरा अर्थ एवढाच, की या अक्षरांनी नोंद सापडली नाही. मेजामागील माणसाने ते ‘कागदच नाही’ असे वाचले, तर त्या वारसाचा हक्क एका अनुस्वारापायी बुडतो. ती वही दर आठवड्यास वाचणारा, लोकांच्या तोंडचे शब्द कोष्टकात भरणारा माणूस नेमला नाही, तर महागडे साधनही मुके राहते.

जुन्या ग्रंथपालास वाचकाने पुस्तकाचे नाव चुकीचे सांगितले, तरी हवे ते पुस्तक तो काढून देई. त्याच्या डोक्यात गावाची भाषा होती. ती यंत्राच्या कोष्टकात उतरविणे आणि पिढ्यान्‌पिढ्या अद्ययावत ठेवणे, हे ग्रंथपालाचेच काम आहे; फक्त त्याचे कपाट बदलले आहे.