आवाज कटून राहिला, सर



शिक्षकांच्या संमेलनात अध्यक्षानं शिक्षणाच्या भवितव्यावर बोलावं, असा रिवाज आहे. मी मात्र वायर, माईक आणि बॅटरीवर बोलणार आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली. त्या काळात ऑनलाइन तासाची सुरुवात हजेरीनं होत नसे. ‘ऐकू येऊन राहिलं का?’ असं आपण विचारायचो आणि पलीकडून उत्तर यायचं, ‘सर, आवाज कटून राहिला.’ खापर फुटायचं पोरांच्या मोबाईलवर. दोष पुष्कळदा शिकवणाऱ्याच्या बाजूला असायचा.

कारण साधं आहे. जाहिरातीतला मोठा आकडा डाउनलोडचा असतो. शिकवणाऱ्याला लागतो अपलोड. फोनची ताकद टॉवरपुढं किती! त्यामुळे रेंज कमी झाली की आधी मान टाकतो तो अपलोडच. सिनेमा झकास दिसतो आणि तास मात्र तुटतो, त्याचं मर्म हे. समूहाच्या तासाला चांगल्या चित्रासाठी झूमनं अपलोड १ एमबीपीएस सांगितला आहे, ७२० पी हवं असेल तर २.६. नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस पुरतात. म्हणजे ज्या लाईनवर आपला चेहरा अडकतो, त्याच लाईनवर आपला धडा सहज जातो.

आता घरचा हिशेब पाहा. १ एमबीपीएसनं ४० मिनिटांचा तास घेतला तर सुमारे ३०० एमबी डेटा जातो. दिवसाचे चार तास धरले की सव्वा जीबीच्या आसपास. बापाच्या एकाच फोनमध्ये दिवसाला दीड जीबी, आणि घरात शिकणारी दोन भावंडं. धाकटीनं काय करायचं? तोच तास आवाजावर घेतला तर २५ एमबीत भागतो. आकृती आधी व्हॉट्सॲपवर पाठवावी, मग बोलावं. कॅमेरा सुरुवातीला दोन मिनिटं लावावा, पोरांना सर दिसले पाहिजेत एवढ्यापुरता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी संगणक होते ४.४ टक्के घरांत. तेव्हा धडा बेतायचा तो वर्गातल्या सगळ्यात साध्या फोनच्या मापानं. लॅपटॉपवर सुबक दिसणारी बारीक अक्षरांची स्लाईड त्या फोनवर मुंगीएवढी होते.

सामानाबद्दल माझं मत थोडं एककल्ली आहे, चालवून घ्या. महागडा कॅमेरा शेवटी घ्या. आधी वायरचा इअरफोन घ्या, त्याचा माईक तोंडाजवळ राहतो. टिनाच्या खोलीत श्रावणाची सर आली की फोनच्या माईकला पाऊसच ऐकू जातो, मास्तर नाही. स्टेशनाजवळ राहणाऱ्यांना मालगाडीचं वेगळं सांगायला नको. फायबर असेल तर राउटर ते लॅपटॉप लॅनची केबल टाका, भिंतीआडच्या वायफायवर विसंबू नका. तिसरी वस्तू राउटरची छोटी यूपीएस. लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर मात्र तत्क्षणी मरतो आणि सगळा वर्ग बाहेर फेकला जातो. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, तेवढ्यासाठी घरभर इन्व्हर्टर लागत नाही. विकत घेताना ॲडॉप्टरवरचा आकडा तेवढा वाचून जा.

हे झालं घरचं, आता शाळेचं. केंद्राच्या भारतनेट योजनेची कल्पना प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत १०० एमबीपीएस नेण्याची. पंचायतीच्या खोलीतून शाळेच्या भिंतीपर्यंतचं अंतर कोण कापणार, हा प्रश्न गावोगाव वेगळा पडतो. दुपारच्या सत्रात आपण ठराव मांडणार आहोत. मसुद्यात ‘वेगवान इंटरनेट मिळावे’ असं लिहिलंय. ते खोडा, बाप्पा! वेगवान म्हणजे किती, हे विचारणाऱ्याला त्यातून काही सांगता येत नाही. शाळेच्या खोलीत मोजलेला अपलोड किमान ५ एमबीपीएस, राउटरला दोन तासांचा बॅकअप आणि बिघाड कोणाला कळवायचा त्याचा फोन नंबर, असं लिहा. बिल कोणत्या खात्यातून भरायचं तेही त्याच ठरावात घाला, नाहीतर तिसऱ्या महिन्यात लाईन कटते.