खऱ्या कळा आणि खोट्या कळा

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सातवा महिना सरला की गरोदर स्त्रीचे पोट अधूनमधून एकाएकी घट्ट होते, अर्धे-एक मिनिट तसेच राहते आणि पुन्हा सैल पडते. यांना आपल्याकडे ‘खोट्या कळा’ असे म्हणतात. या नावाने थोडा घोटाळा केला आहे. कळा खोट्या म्हणजे तक्रारही खोटी, असा अर्थ घरोघर लावला जातो. वस्तुतः गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला अवयव असून त्याचे आकुंचन खरेच होत असते. फक्त त्यामुळे गर्भाशयाचे मुख उघडत नाही, म्हणून प्रसूती होत नाही. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ मध्ये या आकुंचनांचे शास्त्रीय वर्णन केले आणि वैद्यकाच्या पुस्तकांत ती त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

दोहोंतील भेद ओळखण्यास मोठ्या विद्येची गरज नाही. घड्याळ पुरे. खोट्या कळांना ताल नसतो. एक आता आली तर दुसरी वीस मिनिटांनी, तिसरी तासाभराने, आणि मग येतही नाही. लघवी करून, तांब्याभर पाणी पिऊन, डाव्या कुशीवर स्वस्थ पडल्यास त्या बहुधा ओसरतात. दिवसभर बसून राहिलेल्या बाईला चार पावले चालल्यानेही बरे वाटते. खऱ्या कळा मात्र विसाव्याने थांबत नाहीत. त्या ठरावीक अंतराने येतात, अंतर कमी होत जाते आणि जोर वाढत जातो. पुष्कळदा त्या कंबरेतून निघून पुढे ओटीपोटात उतरतात. रक्तमिश्रित चिकट स्राव दिसला, तर प्रसूती जवळ आली असे समजावे.

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाला एक स्थानिक बाजू आहे. पेठ, सुरगाणा या तालुक्यांतील अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात. त्यांत दिवस भरत आलेल्या स्त्रियाही असतात. उन्हात उभ्याने काम, पाणी बेताचे, आणि आडोसा नाही म्हणून लघवी तुंबवून ठेवणे, ही तर अशी आकुंचने वाढविणारीच कारणे होत. मूत्रमार्गाचा संसर्ग झाला तर अवेळी खऱ्या कळाही सुरू होऊ शकतात. बागेच्या बांधावर पिण्याच्या पाण्याचा माठ आणि एक आडोसा, एवढी सोय करण्यास कोणत्याही योजनेची वाट पाहावी लागत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी नियमित कळा येऊ लागल्या, तर ‘खोट्या असतील’ म्हणून थांबणे धोक्याचे आहे. ती अकाली प्रसूतीची सुरुवात असू शकते. रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखीसह डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके, यांपैकी काहीही दिसले तर कळा मोजीत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. आणि घरच्या घरी ‘कळा वाढविणारे’ इंजेक्शन कोणाकडूनही घेऊ नये. त्याने गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते.

खरी अडचण मात्र घड्याळाची नाही, अंतराची आहे. पेठहून नाशिक सुमारे ५० किलोमीटर, वाटेत सावळ घाट. पावसाळ्यात कित्येक पाड्यांवरून डांबरी रस्त्यापर्यंत बाईला डोलीतून आणावे लागते. एवढ्या यातायातीनंतर तपासणीत कळा खोट्या ठरल्या आणि ‘उगाच आणलेत’ असे कोणी बोलले, तर पुढच्या वेळी, कळा खऱ्या असताना, ते कुटुंब घरीच थांबते. ते एक वाक्य फार महाग पडू शकते. खोट्या कळांसाठी आलेली बाई चुकलेली नसते. तिची तपासणी झाली, रक्तदाब पाहिला गेला, बाळाचे ठोके ऐकले गेले, हा लाभच आहे.

२०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात प्रसूती, औषधे, आहार आणि रुग्णालयापर्यंतचा प्रवास विनामूल्य आहे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावते. आदिवासी भागातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांशी जोडलेल्या ‘माहेरघरा’त प्रसूतीच्या काही दिवस आधी येऊन राहता येते. दूरच्या पाड्यावरील स्त्रीला याचा मोठा उपयोग आहे, कारण तेथे कळा खऱ्या की खोट्या हे पाहणारे माणूस हाकेच्या अंतरावर असते. घरची गुरे, धाकटी मुले आणि सासूचा नकार यांमुळे पुष्कळ जणी तेथे जात नाहीत. ती समजूत घालणे आशा स्वयंसेविकेवर एकटीवर सोडू नये. सदस्यांनी आणि शाळेतील बाईंनी तिच्याबरोबर त्या घरी जावे.

गावातील आठवा व नववा महिना चालू असलेल्या स्त्रियांची नावे आशा स्वयंसेविकेच्या नोंदवहीत असतातच. त्यांपैकी प्रत्येकीसाठी रात्री गाडी कोणाची निघेल आणि फोनला रेंज कोणत्या टेकाडावर मिळते, हे त्या घरातील माणसांना आधी ठाऊक असले पाहिजे. तपासून परत पाठविलेल्या स्त्रीच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी डोकावून यावे.