दिवाळीनंतरचं वसतिगृह

दिवाळीची सुट्टी संपली, की पाठीला सॅक आणि हातात चकली-चिवड्याचे डबे घेतलेली मुलं पुणे विद्यापीठाच्या वसतिगृहात परतू लागतात. डबे दोन दिवसांत रिकामे होतात. झोपेची घडी बसायला मात्र वेळ लागतो. सुट्टीत रात्री दोनला झोपायची सवय लागली असेल, तर शरीराचं घड्याळ एका रात्रीत मागे येत नाही, रोज साधारण तासभरच सरकतं. त्याला वळण लावतो तो सकाळचा उजेड. म्हणून झोप अपुरी वाटली तरी ठरल्या वेळी उठा आणि बाहेर पडा.

अभ्यासाचं काय? हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दाखवलं, की उजळणी नसेल तर पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरायला होतं. पण तेच पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. मला ही फार दिलाशाची गोष्ट वाटते. तेव्हा नवं प्रकरण उघडण्याआधी जुन्या वहीतलं एक पान न बघता लिहून काढा.

आणि घरची आठवण अनावर झाली, तर खोलीत एकटे बसू नका. मेसला जाताना शेजारच्या खोलीचं दार वाजवा. पहिल्या वर्षाच्या मुलांना तर हाक मारून सोबत न्याच.